जादा आढळलेल्या पाच नळ्यांस थंडी मिळणेबाबत

प्रति,
मा. नियंत्रक, भांडार व साठा पडताळणी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत,
तळमजला, जिन्याखालील कार्यालय.

विषय : जादा आढळल्यामुळे मोहोरबंद झालेल्या पाच नळ्या ज्या फ्रीजरमध्ये आहेत, त्या फ्रीजरची वीज तातडीने चालू करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा साठा पडताळणीचा पंचनामा.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज.
३) पहिल्या अर्जाचे काय झाले, हे विचारणारा दुसरा अर्ज.
४) दुसऱ्या अर्जास पहिला जोडलेला नसल्यामुळे तो परत केल्याचे आपले पत्र. (पहिला आपल्याकडेच असल्यामुळे जोडता आला नव्हता.)

महोदय,

१. अर्जदार ही दुसऱ्या मजल्यावरील पेशी प्रयोगशाळेत संशोधन सहायक असून प्रबंधाच्या शेवटच्या पायरीवर उभी आहे. पायरी शेवटची असली तरी जिना संस्थेचा असल्यामुळे तिच्यावर बराच काळ उभे राहावे लागले, त्याबद्दल तक्रार नाही. परीक्षकांनी प्रबंध चांगला असल्याचे कळवले आहे. फक्त शेवटच्या आकृतीतला प्रयोग आणखी एकदा करून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे. अर्जदाराच्या मार्गदर्शक बाई महिनाअखेर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या मागोमाग प्रयोगशाळेलाही कुलूप लागणार आहे. म्हणजे प्रयोग या महिन्यात झाला तर झाला. ज्या वस्तूवाचून तो होऊच शकत नाही, ती आपल्या लाखेच्या मोहोरेखाली, वीज काढलेल्या फ्रीजरमध्ये हळूहळू कोमट होत आहे. अर्जाचा गाभा इतकाच. पुढे हे असे कसे झाले याचा खुलासा आहे, कारण खुलाशावाचून आलेला अर्ज आपल्याकडे उघडला जात नाही, असे पहिल्या खेपेस समजले.

२. वस्तूविषयी. माणसाच्या पेशीत सेस्ट्रिन-दोन नावाचे एक प्रथिन असते. पेशीपर्यंत अन्न पोहोचले की नाही हे ओळखून पुढे वर्दी देण्याच्या कामात त्याचा हात असतो. प्रत्येक घरात एक माणूस असे असते, जे स्वयंपाकघरात डोकावून येते आणि "झालंय, बसा" किंवा "थांबा अजून, काही नाही" असे ओरडून सांगते, आणि बाकीचे त्याच्या आवाजावर उठतात-बसतात. तसेच हे. म्हातारपणी माणूस दोन वेळा जेवतो तरी अंगी लागत नाही, तेव्हा वर्दी देणारा झोपलेला असतो की वर्दी ऐकणारे बहिरे झालेले असतात, हा अर्जदाराच्या प्रबंधाचा प्रश्न आहे. हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. ते आहे की नाही हे कळण्यासाठी अँटिबॉडी लागते. हजारोंच्या गर्दीत घुसून नेमक्या आपल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवते आणि त्या जागी एक काळी रेघ उमटवते, ती अँटिबॉडी. रेघ उमटली तर आहे, नाही तर नाही.

३. ही अँटिबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली आहे. सदर ससा परलोकवासी झाला असून त्याच्या रक्तातून भरलेली शेवटची बाटली अर्जदाराच्या वाट्याला आली. कंपनीने नंतर दुसऱ्या सशाची बाटली पाठवली होती. तिने फक्त एका जागी रेघ काढायची ती वरपासून खालपर्यंत काढली. पहिला ससा एकालाच ओळखत असे आणि त्यात कधी चुकला नाही. दुसरा सगळ्यांनाच ओळखतो, म्हणजे कोणालाच ओळखत नाही. असे सोयरेधायरे आपल्याही पाहण्यात असतील.

४. आता अर्जदाराचा गुन्हा, जो सर्वच प्रयोगशाळा रोज करतात. अँटिबॉडी गोठवणे आणि वितळवणे पुन्हा पुन्हा झाले तर ती नासते. म्हणून बाटली आली रे आली की तिच्यातले द्रव बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत थोडे थोडे भरायचे, नळ्या गोठवायच्या आणि लागेल तशी एकेकच बाहेर काढायची. लहान मुलाला जेवणाआधी हात धुवायला शिकवतात, तसे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. अर्जदाराने तसेच केले. वर्षानुवर्षे एकेक नळी वापरत आज पाच उरल्या आहेत. रिकामी बाटलीही तिने जपून ठेवली, कारण सशाचा क्रमांक बाटलीवरच छापलेला असतो. ती तेव्हाच केराच्या टोपलीत टाकली असती तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

५. पडताळणीच्या दिवशी आपले पडताळणी अधिकारी प्रयोगशाळेत आले. माणूस सज्जन. जिना चढल्यामुळे लागलेला दम ओसरेपर्यंत त्यांनी अर्जदाराच्या लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती, अशी आपुलकीने चौकशीही केली. भांडाराच्या नोंदीप्रमाणे त्या फ्रीजरमध्ये "अँटिबॉडी, बाटली, नग एक" एवढेच असायला हवे होते. अर्जदाराने बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, लेबल वाचले आणि "बरोबर" म्हणून खूण केली. अर्जदार भाबडेपणाने म्हणाली, "साहेब, ती रिकामी आहे." त्यावर ते म्हणाले, "रिकामी की भरलेली, असा रकाना नाही हो बाई आमच्याकडे. बाटली आहे की नाही, एवढंच." मग त्यांचे लक्ष नळ्यांकडे गेले. "आणि ह्या?" अर्जदाराने सांगितले की बाटलीत होते तेच ह्यांच्यात आहे. "बाटली तर मी आत्ताच बरोबर धरली. मग ह्या कुठून आल्या?" सोबत आलेले भांडारपाल अर्जदाराच्या मदतीला धावले आणि म्हणाले, "साहेब, बाईंचं म्हणणं असं की बाटलीतलं काढून ह्यांच्यात भरलं. पण मी म्हणतो, बाटली जागेवरून हललीच नाही, तर तिच्यातलं कसं हलेल?" अशी मदत मिळाल्यावर प्रकरण आटोपायला फार वेळ लागला नाही.

६. पंचनाम्यानुसार रिकामी बाटली "सुस्थितीत" असल्याचे लिहून, सही घेऊन अर्जदाराच्या ताब्यात देण्यात आली. भरलेल्या नळ्या "जादा नग पाच, मालक अज्ञात" ठरल्या. नळ्यांवर अर्जदाराची आद्याक्षरे अर्जदाराच्याच हस्ताक्षरात आहेत, हे निदर्शनास आणले असता, "अक्षर काय, कोणीही काढतं," असे उत्तर मिळाले. वस्तू कमी भरली असती तर बरे झाले असते का, असे अर्जदाराने विचारले. पडताळणी अधिकारी अतिशय कळकळीने म्हणाले, "अहो, कमी भरलं की कळतं आम्हाला. माणसं नेतात, मिटवता येतं. पण जास्त कसं होतं हो? जास्त झालं की झोप लागत नाही." महोदय, तेव्हापासून त्यांना झोप लागते किंवा कसे, हे कळले नाही. अर्जदाराला लागत नाही.

७. मार्गदर्शक बाईंनी तत्काळ दाखला दिला की पाचही नळ्या त्याच बाटलीच्या आहेत. निवृत्तीच्या महिन्यात दिलेला साठ्याचा दाखला ग्राह्य धरता येत नाही, असे कळवण्यात आले. बाई म्हणाल्या, "माझं आयुष्य गेलं ह्या मजल्यावर, आणि शेवटच्या महिन्यात मीच अविश्वासू?" तो दाखला त्यांनी फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. भांडारपालांनी पुन्हा मदतीची तयारी दाखवली : "परत ओता सगळं बाटलीत, मिटवून टाकू." पण ओतण्यासाठी मोहोर तोडावी लागते, आणि मोहोर तोडण्यासाठी प्रकरण मिटावे लागते. शिवाय ओतायचे तर वितळवावे लागते, आणि वितळवायचेच असेल तर आपण वीज काढून ते काम चालू केलेलेच आहे.

८. विजेविषयी. मोहोरबंद मालमत्तेचा वीजपुरवठा खंडित करावा, असा आपल्याकडे नियम आहे. पूर्वी कधी मोहोरबंद खोलीत पंखा चालू राहून गेला होता, त्याच्या आठवणीसाठी तो केला, असे म्हणतात. पंख्याचा नियम फ्रीजरला लावू नये म्हणून अर्जदार वीजतंत्र्याच्या अक्षरशः पाया पडली. तो भला माणूस म्हणाला, "ताई, माझ्या हाती असतं तर आत्ता लावला असता. पण प्लगलाच लाख ओतलीय बघा. हात लावला की माझी नोकरी चिकटेल तिथं." महोदय, कपाट मोहोरबंद केले तर आतली वस्तू आहे तशी राहते. फ्रीजर मोहोरबंद केला तर तो पेटीच्या आकाराचा उन्हाळा होतो.

९. त्यानंतर अर्जदाराने जे केले ते ती लपवू इच्छित नाही. घरी सासूबाईंनी सांगितले, की आइस्क्रीमच्या जुन्या भांड्याला बर्फात खडेमीठ घालून गार करत, तसा पेटीला बाहेरून मीठ-बर्फाचा थर दे. "पाच थेंबांसाठी सगळं घर मिठात घालायला निघालीस, घाल," असेही त्या म्हणाल्या, आणि आपल्या अंगावरची रजई काढून दिली. दुसरी रजई नवऱ्याची. तेव्हापासून नवरा खिडकीचा पडदा पांघरून झोपतो, आणि सकाळी पडदा जागेवर नसल्याने समोरच्या इमारतीतील लोक त्याला हात करतात. प्रयोगशाळेत मात्र फ्रीजर दोन रजयांत गुरफटून, अंगात ताप असलेल्या माणसासारखा बसला आहे. त्याखाली पाणी साचले, म्हणून सफाई विभागाची तक्रार झाली, आणि "शासकीय मोहोरेस पांघरूण घालण्याची पूर्वपरवानगी घेतली होती काय" अशी विचारणा आपल्याकडून आली. घेतली नव्हती. फ्रीजरच्या दारावरच्या काट्याकडे पाहण्याचीही घेतलेली नाही, तरी अर्जदार पाहते. काटा अजून शून्याखाली आहे. रोज थोडा वर सरकतो. अर्जदार त्याच्याकडे आजाऱ्याच्या तापाकडे पाहावे तशी पाहते, फक्त येथे चढू नये असे वाटते आणि चढतो.

१०. या प्रकरणात एक गिऱ्हाईकही आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या वृद्धांनी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा अभ्यासासाठी लेखी संमतीने दिला, त्यांत एक निवृत्त शिंपी आहेत. ते अधूनमधून फोन करतात. "काय पोरी, माझा तुकडा बोलला का?" अर्जदार सांगते, "अजून नाही, काका. उद्यापरवा." ते हसतात. "कर, उद्या कर. जन्मभर मी लोकांना 'उद्या या' म्हणालो, आता माझी वेळ. पण एक सांगतो, कापड दिल्यावर कपडा कधी मिळणार हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो हं." ते जेवतात, तरी वाळत चालले आहेत. मागच्या फोनवर आवाजही वाळलेला वाटला. त्यांचा तुकडा तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये सुखरूप आहे. तेथे नोंदीत एक, प्रत्यक्षात एक. त्याला विचारायचे तोंड मात्र या पाच नळ्यांत आहे.

११. अर्जदार आपल्या कार्यालयात इतक्या वेळा आली की आता बाकावर तिची जागा ठरलेली आहे. काल आपल्या कारकुनांना तिची दया आली. ते म्हणाले, "बाई, किती दिवस बसणार? जादा मालाला वीज नाही. वीज मिळते ती मुद्देमालाला." आणि त्यांनी मानेने कोपऱ्याकडे खूण केली. तेथे टेबलावर काचेची मत्स्यपेटी आहे. संचालकांच्या दालनाबाहेरून ती कोणीतरी पळवली होती, बागेच्या शेडमध्ये सापडली, चौकशी चालू आहे. चोरीचा माल सापडला त्या स्थितीत जपावा असा नियम असल्यामुळे, मासे जिवंत सापडले म्हणून जिवंत ठेवावे लागतात. हवेचे बुडबुडे अखंड चालू असतात. शिपाई सही करून खाणे घालतो. चौकशी लांबली तशी त्यांना पिल्लेही झाली आहेत. ती जादा नग ठरत नाहीत काय, असा प्रश्न अर्जदाराच्या ओठांवर आला होता. पण त्यांचाही प्लग निघालेला डोळ्यांपुढे आला आणि तिने प्रश्न गिळला.

१२. महोदय, त्या पेटीपुढे उभी असताना अर्जदाराला आपल्या कार्यालयाचा न्याय प्रथमच समजला. अर्जदाराच्या नळ्यांची चूक इतकीच, की त्या कोणी चोरलेल्या नाहीत. चोरलेल्या असत्या तर त्या गोठलेल्या स्थितीत सापडल्या म्हणून गोठलेल्या ठेवाव्या लागल्या असत्या. अर्जदाराने कारकुनांना विचारले, "मग चोरी दाखवता येईल का?" ते पान उलटत म्हणाले, "येईल की. पण फिर्यादी लागतो. कोणाचं तरी काहीतरी गेलेलं असावं लागतं." अर्जदार लगोलग शेजारच्या प्रयोगशाळेतील मैत्रिणीकडे गेली आणि पाच नळ्या तुझ्या गेल्या असे लिहून दे, म्हणून तिचे हात धरले. ती म्हणाली, "वेडी का गं तू? माझ्याकडे पाच कमी म्हटलं की उद्या माझ्या दाराला लाख. तुझ्या रजया तरी आहेत, माझ्याकडे चादरीसुद्धा भाड्याच्या." तिचेही खोटे नाही.

१३. तेव्हा फिर्यादीचा प्रश्न अर्जदाराने स्वतःच सोडवला आहे. ज्या बाटलीतून द्रव गेले ती बाटली, पंचनाम्यावरील सहीनुसार, अर्जदाराच्या ताब्यात आहे आणि ती रिकामी आहे. म्हणजे अर्जदाराचे नुकसान झाले आहे. ते द्रव ज्या नळ्यांत सापडले त्यांवर अर्जदाराचे अक्षर आहे. म्हणजे अर्जदाराने ते नेले आहे. अर्जदाराने अर्जदाराच्या बाटलीतून अर्जदाराच्या नळ्यांत चोरी केली असून मुद्देमाल गोठलेल्या स्थितीत आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती लागला आहे. असा स्वच्छ गुन्हा संस्थेच्या इतिहासात झाला नसेल.

१४. चोरीची चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्यास अंतिम प्रबंध सादर करता येत नाही, हा नियम अर्जदाराने वाचला आहे. परत परत वाचला, त्यात कोठेही फट नाही. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "मग इतकी वर्षं कशासाठी केलंस?" सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या शिंप्याला उत्तर द्यायचंय तिला. डोक्यावर पदवीची टोपी नको, पण दिलेलं कापड तरी वाया जायला नको." अर्जदाराला यात दुरुस्ती करण्याजोगे काही दिसत नाही. टोपी हवी होती, हे मात्र नोंदवून ठेवते. फार हवी होती.

१५. मुद्देमाल नक्की कशाचा आहे हे ठरवण्यासाठी त्यातील नमुना तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची तरतूद आपल्याच नियमांत आहे. माशांच्या वेळीही कोणीतरी येऊन ते मासेच असल्याचा दाखला दिला होता. नळ्यांत खरोखर अँटिबॉडी आहे काय, हे तपासण्याचा जगात एकच मार्ग आहे : ती स्नायूच्या तुकड्यांवर सोडायची आणि रेघ उमटते का पाहायची. हा तपास आणि प्रबंधाच्या शेवटच्या आकृतीतला प्रयोग यांत काडीचाही फरक नाही. तज्ज्ञ म्हणून मार्गदर्शक बाई महिनाअखेरपर्यंत उपलब्ध आहेत. साठ्याचा दाखला देण्यास त्या अपात्र असल्या तरी रेघ पाहण्यास पात्र आहेत. तपासाच्या वेळी आरोपीस खोलीबाहेर उभे करतात, असे ऐकले. अर्जदार बाहेर उभी राहील. फक्त दाराला काच असेल अशी खोली निवडावी.

१६. तरी मेहेरबान नियंत्रकांना कळकळीची विनंती, की अर्जदारावर चोरीचा आरोप विनाविलंब ठेवावा. सदर पाच नळ्यांचा जादा माल हा दर्जा काढून त्यांस मुद्देमालाचा दर्जा द्यावा. आणि प्लगवरील लाख फोडून त्या सापडल्या त्या स्थितीत, म्हणजे गोठलेल्या, राहतील असे पाहावे. आरोप ठेवण्याच्या कामी काही अडचण असल्यास अर्जदार आणखीही काही कबूल करण्यास तयार आहे. पडताळणी अधिकाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांच्याइतक्या प्रेमाने तिची चौकशी इतक्यात कोणी केलेली नाही.

कळावे, आणि कळल्यावर आधी प्लग लावावा.

आपली नम्र, व आपण मनावर घेतल्यास आरोपी,
(सही)
संशोधन सहायक, पेशी प्रयोगशाळा, दुसरा मजला

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे. शिक्का कृपया आजचा मारावा.

सोबत :
१) फिर्याद. फिर्यादी : अर्जदार.
२) कबुलीजबाब. आरोपी : अर्जदार. (दोन्हींवरील सही एकाच व्यक्तीची आहे. हस्ताक्षर तपासणीत वेळ जाऊ नये म्हणून आधीच कळवते.)
३) रिकामी बाटली, नग एक, सुस्थितीत.
४) मुद्देमाल ताब्यात घेतल्याचा कोरा नमुना. चोरीची जागा, वेळ आणि हेतू हे रकाने कार्यालयाने आपल्या सोयीने भरावेत. वीज चालू करण्याची वेळ तेवढी अर्जदाराने भरून ठेवली आहे : आत्ता.